रिजेक्शनच्या ढिगाला तारीख हवी

कोल्हापूरजवळची शिरोली असो, गोकुळ शिरगाव असो की कागलची पंचतारांकित औद्योगिक वसाहत, कुठल्याही फौंड्रीत (लोखंडाच्या ओतकामाच्या कारखान्यात) फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंगचे जादा भाग छाटण्याच्या जागेमागे लाल रंग मारलेल्या कास्टिंगचा ढीग असतो. महिनाअखेरीला तो काट्यावर चढतो, मीटिंगमध्ये ‘साडेपाच टक्के’ असा आकडा वाचला जातो, दोन जणांना बोलणी बसतात आणि ढीग परत भट्टीत जातो. लोखंड वाया जात नाही, ते पुन्हा वितळतं. पण त्या ढिगात जी माहिती होती, तीही वितळून जाते आणि ती मात्र परत मिळत नाही.

गुणवत्ता सुधारण्याच्या पद्धतींवर आपल्याकडे भरपूर प्रशिक्षणं होतात. पॅरेटो (दोषांची मोठ्याकडून लहानाकडे मांडणी), फिशबोन (संभाव्य कारणांचा आराखडा), पाच वेळा ‘का’ हे सुपरवायझरांना तोंडपाठ असतं. तरी रिजेक्शन हलत नाही. माझ्या मते याचं मोठं कारण साधं आहे: दोष आणि तो कधी, कुठल्या वाळूत, कुठल्या लॅडलमधून (मेटल ओतायच्या भांड्यातून) तयार झाला, यांची गाठच मारलेली नसते. गाठ नसेल तर फिशबोनवर आपण अंदाजच लिहीत असतो.

कास्टिंगचा प्रवास बघा. आज मोल्ड (वाळूचा साचा) भरला, मेटल ओतलं. नॉकआउट (साचा फोडणं), शॉट ब्लास्ट (छऱ्यांच्या माऱ्याने सफाई), फेटलिंग यांत दोन-तीन दिवस गेले. मग माल उद्यमनगरातल्या किंवा शेजारच्या प्लॉटमधल्या मशीन शॉपला गेला, तिथे आठवडाभर रांगेत थांबला. बोअर फिरवल्यावर कातडीखालचं छिद्र उघडं पडलं. तो जॉब परत येईपर्यंत दोन ते चार आठवडे उलटलेले असतात. तेवढ्यात तीच वाळू शेकडो वेळा फिरलेली असते आणि बेंटोनाइटची (वाळू बांधून ठेवणाऱ्या मातीची) खेपही बदललेली असते. अशा वेळी ‘वाळूत ओल जास्त असेल’ म्हणणं सोपं असतं आणि सिद्ध करणं अशक्य.

म्हणून सगळ्यात आधी तारीख. पॅटर्नवर (साच्याला आकार देणाऱ्या नमुन्यावर) बदलता येणारा डेट इन्सर्ट, म्हणजे तारखेचा ठसा बसवा, ज्यात महिना, दिवस आणि शिफ्ट उमटेल. हीट नंबर (भट्टीच्या खेपेचा नंबर) ओतताना बॉक्सवर, म्हणजे साच्याच्या चौकटीवर खडूने लिहायचा आणि नॉकआउटला कास्टिंगवर ठोकून उतरवायचा. अक्षरं उठावदार हवीत, निदान ३ मिलिमीटर उंच, आणि जिथे मशीनिंग होत नाही व ग्राइंडर पोचत नाही अशाच पृष्ठभागावर हवीत. एका प्लेटवर चार कॅव्हिटी (जॉबचे चार आकार) असतील तर प्रत्येकीला वेगळा नंबर द्या. हा नंबर फार कामाचा आहे. चारपैकी फक्त तिसऱ्या कॅव्हिटीत दोष येत असेल तर वाळूचा आणि मेटलचा विषय जवळजवळ संपला. तो रनर-गेटचा (मेटल आत जाण्याच्या वाटेचा), व्हेंटचा (वायू बाहेर पडण्याच्या वाटेचा) किंवा त्या कॅव्हिटीच्या कोअरप्रिंटचा (आतली पोकळी घडवणारा वाळूचा कोअर जिथे टेकतो त्या खाचेचा) प्रश्न आहे. हा निष्कर्ष काढायला कुठलीही आकडेमोड लागत नाही.

इथे चुकतं काय? इन्सर्टच्या खाचेत वाळू बसते आणि अक्षर पुसट येतं. दुसरी शिफ्ट सुरू होते, इन्सर्ट मात्र पहिल्याच शिफ्टवर राहतो. यावर उपाय एकच: शिफ्टच्या पहिल्या बॉक्सचं कास्टिंग नॉकआउट झाल्यावर त्यावरचा कोड वाचून रजिस्टरमध्ये लिहायचा. कोड वाचता आला नाही तर त्याच वेळी लाइनवर कळवायचं. पहिला नग तपासताना मापांच्या आधी कोड तपासावा, इतकं त्याचं महत्त्व आहे.

‘ब्लोहोल’ हे एका दोषाचं नाव नाही

रिजेक्शन रजिस्टरमध्ये सगळ्यात मोठी ओळ ‘ब्लोहोल’ची, म्हणजे वायूच्या छिद्राची असते. या एका शब्दाखाली निदान पाच वेगळ्या गोष्टी लपतात आणि त्यांचे उपाय एकमेकांच्या उलटही असू शकतात. दोष ओळखायला मोठी लॅब लागत नाही. कास्टिंग दोषाच्या जागी फोडायचं, दहापट भिंग धरायचं आणि छिद्राची भिंत बघायची.

मोठं, गुळगुळीत भिंतीचं, कोअरच्या वरच्या अंगाला किंवा कास्टिंगच्या वरच्या भागात आलेलं छिद्र बहुधा कोअरच्या वायूचं. कोअर कच्चा भाजलेला, त्यात रेझिन जास्त, किंवा त्याची व्हेंट कोटिंगने बुजलेली. शेल कोअर मधून मोडून बघा: आतली वाळू सुटी आणि पिवळट असेल तर क्युअरिंग कमी पडलंय. पुष्कळदा कोअरबॉक्सचं तापमान एका बाजूला ठीक असतं आणि दुसऱ्या बाजूचा हीटर गेलेला असतो. पॅनेलवरचा आकडा न बघता बॉक्सच्या तोंडावर चार ठिकाणी तापमान मोजलं की हे उघड होतं.

कातडीखाली लगेच असलेली, १ ते ३ मिलिमीटरची, गोल, आतून चकचकीत टाचणीभोकं ही बहुतेक हायड्रोजनची. मेटलला पाणी कुठून भेटलं ते शोधायचं: न तापवलेली लॅडल, ओलं अस्तर, ओली वाळू, गंजलेलं भंगार. भंगारात अ‍ॅल्युमिनियमचे तुकडे आले तर हा त्रास वाढतो, कारण थोडंसं अ‍ॅल्युमिनियमही मोल्डमधल्या वाफेशी क्रिया करून हायड्रोजन मोकळा करतं. पिस्टनचा एखादा तुकडा दिसला तरी चार्जमधून तो बाजूला काढावा.

स्वल्पविरामासारखी, चिरेसारखी लांबट पोकळी, तीही पृष्ठभागाशी काटकोनात आणि जाड भागात आली असेल तर नायट्रोजनवर संशय घ्या. स्टील भंगाराचं प्रमाण वाढवून स्वस्त कार्बुरायझर (कार्बन वाढवणारी पूड) घातला की हे दिसतं. कोअरच्या रेझिनमध्ये युरिया जास्त असला तरीही दिसतं.

वरच्या पृष्ठभागाखाली, सोबत काळपट स्लॅगचे कण असलेली छिद्रं ही मँगेनीज-सल्फरची. मेटल थंड ओतलं की ती हमखास वाढतात. ग्रे आयर्नमध्ये मँगेनीज किती हवं याचं जुनं गणित आहे: सल्फरच्या १.७ पट अधिक ०.३. सल्फर ०.०८ टक्के असेल तर मँगेनीज साधारण ०.४४ टक्के पुरतं. इथे ०.८ टक्के मँगेनीज ठेवून लॅडलमधला शेवटचा बॉक्स १३४० अंशांना ओतला, तर वाळू कितीही चांगली असली तरी छिद्रं येणार.

आणि भिंत खरखरीत, झाडाच्या फांद्यांसारखी दिसली तर ते ब्लोहोल नाहीच, ते श्रिंकेज (मेटल गोठताना आकसल्याने आलेली पोकळी) आहे. तिथे वाळूची ओल कमी करत बसलं तर महिना वाया जातो. तिथे रायझर (जादा मेटल पुरवणारा साठा), चिल (एखादी जागा लवकर गोठवणारा धातूचा तुकडा), कार्बन इक्विव्हॅलंट (कार्बन आणि सिलिकॉनचा एकत्रित आकडा) आणि साच्याचा कडकपणा बघावा लागतो. मऊ साच्याची भिंत मेटलच्या दाबाने मागे सरकते आणि पोकळी वाढते.

रजिस्टरमध्ये या पाच गोष्टींना पाच वेगळे रकाने द्या. पॅरेटो त्यानंतर काढा. त्याआधी काढलेल्या पॅरेटोत पहिला खांब नेहमी ‘ब्लोहोल’चाच असतो आणि तो काहीच सांगत नाही. नोंद किलोत नको, नगांत हवी. शिवाय जॉबचा मोठा फोटो छापून भिंतीवर लावा आणि प्रत्येक दोषाच्या जागी एक ठिपका मारा. पन्नास ठिपके जमले की ते एखाद्या कोपऱ्यात गर्दी करतात की सगळीकडे पसरतात ते दिसतं. गर्दी झाली तर डिझाइन, गेटिंग, कोअर यांकडे बघा. पसरले तर वाळू आणि मेटल.

वाळू

ग्रीन सँडवर, म्हणजे माती आणि पाणी मिसळलेल्या वाळूवर चालणाऱ्या फौंड्रीत माझा सगळ्यात जास्त भर वाळूवर राहील, कारण तिथली गडबड सगळ्या जॉबवर एकदम पसरते. मध्यम आकाराच्या ग्रे आयर्न जॉबसाठी साधारण टप्पे असे असतात: ओल ३ ते ४ टक्के, कॉम्पॅक्टॅबिलिटी ३८ ते ४५, ग्रीन कॉम्प्रेशन स्ट्रेंथ (ओल्या वाळूची दाब सोसण्याची ताकद) १२०० ते १६०० ग्रॅम प्रति चौरस सेंटिमीटर, पर्मिएबिलिटी (वायू आरपार जाऊ देण्याची क्षमता) १२० ते १८०, सक्रिय क्ले (अजून न जळलेली, बांधू शकणारी माती) ७ ते ९ टक्के. मोल्डिंग मशीनप्रमाणे हे सरकतात. दुसऱ्याच्या फौंड्रीतले आकडे जसेच्या तसे उचलू नयेत.

यातला रोज हाताळायचा आकडा कॉम्पॅक्टॅबिलिटीचा. नुसती ओल फसवते. ३.५ टक्के ओल ही ९ टक्के क्लेला बेताची असते, तर ६ टक्के क्लेला तीच जास्त होते. पाणी क्लेच्या मानाने बरोबर आहे का, हे कॉम्पॅक्टॅबिलिटी एका मिनिटात सांगते: चाळलेली वाळू नळीत काठोकाठ भरायची, तीन ठोके द्यायचे, उंची किती टक्के घटली ते बघायचं. दर अर्ध्या तासाला एक रीडिंग घ्या. नमुना मिक्सरच्या तोंडाशी घेऊ नका, मोल्डिंग मशीनच्या हॉपरखाली घ्या. मिक्सरपासून मशीनपर्यंत बेल्टवर वाळू २ ते ४ गुण सुकते, आणि मोल्ड त्या सुकलेल्या वाळूचा होतो. नमुना डब्यात वीस मिनिटं उघडा ठेवून मग लॅबला नेला, तर तो आकडा कशाचाच नसतो.

वाळू गरम असेल तर वरचं सगळं कोलमडतं. परतीची वाळू ४५ अंशांच्या वर असली की मिक्सरमध्ये घातलेलं पाणी क्लेला चिकटत नाही, वाटेतच उडतं. पॅटर्न थंड असतो, त्यावर वाफ जमते आणि वाळू चिकटते; कोअरही ओल धरतो. ऑपरेटर डिव्हायडिंग लिक्विड (वाळू चिकटू नये म्हणून पॅटर्नवर मारायचं द्रव) वाढवतो, ते पॅटर्नच्या खोबणीत साचतं आणि तिथे वायूचं छिद्र येतं. बघणाऱ्याला दोष ऑपरेटरचा वाटतो. मूळ मात्र सिस्टिममध्ये वाळू कमी असण्यात आणि ती थंड होण्याआधी परत फिरण्यात असतं. शिफ्टच्या शेवटच्या दोन तासांत रिजेक्शन वाढत असेल, तर आधी थर्मामीटर घेऊन बेल्टवर उभं राहा. डेट कोडवर तास उमटत नाही, म्हणून मोल्ड नंबरांची नोंद तासाप्रमाणे ठेवा.

दुसरी चूक जॉब बदलताना होते. बॉक्समध्ये मेटल जास्त आणि वाळू कमी असलेला जड जॉब लाइनवर आला की क्ले जास्त जळतो. बेंटोनाइटची मात्रा मात्र मिक्सरच्या पाटीवर लिहिलेलीच चालू राहते. दोन-तीन दिवसांत सक्रिय क्ले उतरतो आणि सँड ड्रॉप, वाळूचे कण, कडा तुटणं सुरू होतं. तोवर तो जड जॉब लाइनवरून उतरलेला असतो आणि रिजेक्शन पुढच्या गरीब जॉबच्या नावावर लागतं. भरपाई एका दिवसात होत नाही. ५० टनांच्या सिस्टिममध्ये सक्रिय क्ले १ टक्क्याने चढवायचा तर किमान ५०० किलो बेंटोनाइट लागतं, आणि ते काही शिफ्टमध्ये पसरून, चांगलं मळूनच घालावं लागतं. एकदम ओतलं तर न मळलेल्या गोळ्या होतात. म्हणून जॉबप्रमाणे मेटल-वाळू गुणोत्तर आधी काढून ठेवा आणि जॉब लाइनवर येतानाच मात्रा बदला. सक्रिय क्ले मोजणारी मिथिलीन ब्लू चाचणी रोज करा, ती आठवड्यावर ढकलू नका.

आपल्याकडचा पावसाळा हा वेगळा विषय आहे. जून ते सप्टेंबर हवेतच ओल असते. कोल्डबॉक्स कोअर (न तापवता, वायूने कडक केलेले) दोन-तीन दिवस उघड्यावर ठेवले तर त्यांची ताकद घटते. पावसाळ्यात ‘आधी आलेला आधी वापरा’ हे काटेकोर पाळावं आणि कोअरच्या ट्रॉलीवर तयार केल्याची वेळ लावावी. यार्डातलं भंगार भिजतं. ओलं भंगार इंडक्शन भट्टीतल्या वितळलेल्या मेटलमध्ये पडलं तर स्फोट होऊन माणसं भाजतात, त्यामुळे एका दिवसाचं भंगार तरी छपराखाली कोरडं असलंच पाहिजे. गुणवत्तेचा विचार त्यानंतर.

एसजी आयर्नला घड्याळ लागतं

एसजीत, म्हणजे ज्यातला ग्राफाइट गोल गाठींच्या रूपात असतो त्या लोखंडात, मॅग्नेशियम ट्रीटमेंट झाल्या क्षणापासून मॅग्नेशियम कमी होत जातं. शिल्लक मॅग्नेशियम ०.०३५ ते ०.०५ टक्क्यांत ठेवायचं तर ट्रीटमेंटपासून शेवटचा बॉक्स ओतेपर्यंत १० मिनिटांची मर्यादा व्यवहार्य आहे. लाइन अडली, क्रेन थांबली, तर उरलेलं मेटल पिगिंग करायचं (लगड म्हणून ओतून टाकायचं) किंवा भट्टीत परत घ्यायचं. हा निर्णय पोअररच्या हातात आणि लेखी असावा. प्रत्येक वेळी मॅनेजरला विचारावं लागलं तर १० ची १४ मिनिटं होतात आणि शेवटच्या तीन बॉक्समध्ये गाठींऐवजी विस्कटलेला ग्राफाइट येतो. मायक्रोचा (सूक्ष्मदर्शकाखाली ग्राफाइट बघण्याचा) नमुनाही लॅडलच्या शेवटच्या मेटलचाच घ्या. पहिल्या मेटलचा नमुना नेहमी सुंदर दिसतो आणि तो शेवटच्या बॉक्सबद्दल काहीच सांगत नाही.

रोजच्या आकड्यावर ओरडू नका

समजा एका जॉबचे रोज २०० नग होतात आणि सरासरी ५ टक्के, म्हणजे १० नग रिजेक्ट होतात. काहीही बदललं नाही तरी हा आकडा रोज १० येणार नाही. २०० ला ०.०५ आणि ०.९५ ने गुणून वर्गमूळ काढलं की ३.१ येतं, त्याची तिप्पट साधारण ९. म्हणजे १ ते १९ यांमधला कुठलाही दिवस हा त्याच प्रक्रियेचा नेहमीचा चढउतार आहे. एका दिवशी १५ आले म्हणून शिफ्टला झापलं, दुसऱ्या दिवशी ६ आले म्हणून ‘झापल्याचा उपयोग झाला’ असं वाटलं, तर दोन्ही समजुती चुकीच्या. १९ च्या वर गेलं तर त्या दिवशी जवळजवळ नक्की काहीतरी वेगळं घडलंय, तेव्हाच धावायचं, आणि त्याच दिवशी. हे तर्कशास्त्र अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ वॉल्टर शूहार्टने १९२४ मध्ये मांडलं. लागतो फक्त आलेखाचा कागद आणि तीन रेघा.

कॉम्पॅक्टॅबिलिटीलाही हेच लावा. लागोपाठच्या दोन रीडिंगमधला फरक लिहीत जा, त्याची सरासरी काढा आणि २.६६ ने गुणा. सरासरी ४१ आणि फरकांची सरासरी १.२ असेल तर नैसर्गिक हद्द ३७.८ ते ४४.२. या हद्दीत असताना प्रत्येक रीडिंगला पाणी कमी-जास्त करणारा मिक्सर ऑपरेटर वाळू सुधारत नाही, तिचा चढउतार वाढवतो. त्याला तसं करायला आपणच शिकवलेलं असतं.

मोजमापावरचा विश्वासही एकदा तपासावा. दहा चांगले, दहा वाईट आणि दहा काठावरचे असे ३० नग निवडा, त्यांना लपवलेले नंबर द्या, तीन तपासनिसांना प्रत्येकी दोनदा दाखवा. काठावरच्या नगांवर एकाच माणसाचे दोन निकाल वेगळे आले, तर रिजेक्शनचा तक्ता तेवढ्या प्रमाणात तपासनिसाचा तक्ता आहे. मर्यादा दाखवणारे नमुने टेबलावर ठेवले आणि उजेड वाढवला तरी खूप फरक पडतो.

मालकाला हे पटवायचं तर टक्क्यांऐवजी रुपये दाखवा. समजा महिन्याला ५०० टन ओतकाम आहे, रिजेक्शन ५ टक्के, आणि कच्चा माल वगळून वितळवणं, मोल्डिंग, कोअर, फेटलिंग यांचा खर्च किलोला २५ रुपये. २५ टन म्हणजे २५,००० किलो, गुणिले २५: सव्वासहा लाख रुपये महिन्याला, भंगाराची किंमत पूर्ण परत मिळते असं धरूनही. मशीनिंगनंतर सापडलेल्या नगावर मशीनिंगची मजुरी आणि वाहतूक वेगळी चढते. म्हणून घरातलं रिजेक्शन आणि मशीन शॉपचं रिजेक्शन कधीही एका टक्केवारीत मिसळू नका. २ टक्के मशीन शॉपमधले हे ४ टक्के घरातल्यांपेक्षा महाग पडू शकतात.

ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर देताना मूळ कारणाच्या रकान्यात ‘ऑपरेटरचं दुर्लक्ष’ आणि उपायाच्या रकान्यात ‘ट्रेनिंग दिलं’ असं लिहिण्याची सवय मोडायला हवी. उपाय लिहून झाल्यावर एकच प्रश्न विचारा: उद्या या जागी नवा माणूस उभा राहिला तर हा दोष अडेल का? कोअर उलटा बसत असेल तर प्रिंटचा आकार असा बदला की तो उलटा बसणारच नाही. तेवढंच खरं उत्तर.

आणि उपाय लागू पडला हे कधी मानायचं? नवीन व्हेंट काढली, २० नग ओतले, एकही छिद्र नाही, ‘प्रश्न सुटला’ असं सर्रास जाहीर होतं. दोष आधी ४ टक्के असेल तर काहीही न बदलता २० नग सलग चांगले येण्याची शक्यता ४४ टक्के आहे, जवळजवळ नाणेफेक. सलग ७५ नग चांगले आले तर ती शक्यता ५ टक्क्यांखाली जाते, आणि तेव्हाच बदल पॅटर्नवर कायमचा करावा. हे ७५ नग एकाच लॅडलचे नकोत. निदान तीन दिवसांत, दोन्ही शिफ्टमध्ये, सकाळच्या थंड आणि शेवटच्या गरम वाळूत पसरलेले हवेत. एका वेळी एकच बदल करा. चाचणीच्या नगांवर वेगळी खूण पॅटर्नवरच करा, रंगाने नको, कारण शॉट ब्लास्टमध्ये रंग जातो. आणि मशीन शॉपला आधी फोन करून त्या खुणेचे नग वेगळ्या क्रेटमध्ये ठेवायला सांगा.